समुद्राच्या पाण्यातली लवणप्रेमी जिवाणूंची नवी प्रजाती: बाटलीतल्या नमुन्यापासून मान्य नावापर्यंत

समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण पाच ते दहा लाख जिवाणू असतात. तेच पाणी नेहमीच्या अगरच्या (शैवालापासून बनणाऱ्या जेलीच्या) प्लेटवर पसरलं, तर त्यातले एक टक्कासुद्धा वसाहती करून दाखवत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी आणि प्लेटवरची मोजणी यांतल्या या तफावतीला स्टेली आणि कोनोप्का यांनी १९८५ साली ‘ग्रेट प्लेट काउंट अ‍ॅनॉमली’ म्हटलं. त्यामुळे नवा जिवाणू शोधायला समुद्राच्या तळाशीच जायला हवं असं नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यातही अजून कुणी वर्णन न केलेले जिवाणू भरपूर आहेत. ते हाती लागणं तुलनेनं सोपं असतं. हा खरोखर नवा आहे, हे दुसऱ्या प्रयोगशाळेला पटेल असं दाखवताना मात्र कस लागतो.

या कामातल्या बऱ्याचशा गोंधळाचं मूळ मिठात असतं, असं माझं ठाम मत आहे. प्रयोगशाळेतली बहुतेक साधनं गोड्या पाण्यातल्या किंवा माणसाच्या शरीरातल्या जिवाणूंसाठी बनलेली आहेत. डायल्युशनसाठी डिस्टिल्ड वॉटर, सस्पेन्शनसाठी ०.८५ टक्क्यांचं सलाइन, तयार चाचणीपट्ट्या, रंगद्रव्यं, सगळंच. समुद्री जिवाणू यातून जाताना फुगतो, फुटतो किंवा नुसताच गप्प राहतो, आणि आपण त्या गप्प बसण्याची ‘चाचणी नकारात्मक’ अशी नोंद करतो. पुढचं प्रत्येक पाऊल वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: या क्षणी माझी पेशी किती मिठात आहे?

लवणप्रेमी कुणाला म्हणायचं

समुद्राच्या पाण्यात दर किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम, क्लोराइड १९.४, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम. म्हणजे समुद्राचं पाणी हे निव्वळ मिठाचं पाणी नव्हे, आणि अनेक जिवाणूंना मॅग्नेशियम व कॅल्शियमही लागतं.

रूढ वर्गवारी अशी: ज्यांची उत्तम वाढ ०.२ ते ०.५ मोलर, म्हणजे साधारण १ ते ३ टक्के सोडियम क्लोराइडमध्ये होते ते सौम्य लवणप्रेमी, ०.५ ते २.५ मोलर, म्हणजे ३ ते १५ टक्क्यांत होते ते मध्यम, आणि त्याहून वर ५.२ मोलरपर्यंत होते ते तीव्र. समुद्रातले बहुतेक जिवाणू सौम्य गटात मोडतात. हॅलोमोनाससारखे काही मध्यम गटात जातात. तीव्र गटात हॅलोबॅक्टेरियमसारखे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) जास्त, पण २००२ साली स्पेनमधल्या मिठागरांतून वर्णन झालेला सॅलिनिबॅक्टर रुबर हा अस्सल जिवाणू याच गटातला आहे.

एक चौथा गट लवणसहिष्णूंचा. हे मिठाशिवायही छान वाढतात आणि मीठ असलं तरी तग धरतात. समुद्राच्या नमुन्यात हेही भरपूर सापडतात, कारण नद्या आणि सांडपाणी समुद्रातच येऊन मिळतं. मिठाच्या प्लेटवर वसाहत आली म्हणून तिला लवणप्रेमी म्हणू नका. मीठ काढून घेतल्यावर ती वाढायची थांबते का, हे पाहूनच ठरवा.

नमुना घेताना

निर्जंतुक बाटली, खोलवरचं पाणी हवं असेल तर निस्किन बाटली (हव्या त्या खोलीवर बंद करता येणारी). पाण्याच्या पृष्ठभागावरचा तवंग टाळून थोडं खालचं पाणी घ्या. बाटली अंधारात, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी प्लेटवर न्या. बंद बाटलीत पाणी नुसतं पडून राहिलं तरी आतली लोकसंख्या बदलते. काचेच्या भिंतीला चिकटून भराभर वाढणारे मोजके जिवाणू बाकीच्यांना मागे टाकतात.

तारीख, अक्षांश-रेखांश, खोली, तापमान, पीएच आणि क्षारता जागच्या जागी लिहून ठेवा. शोधनिबंधातल्या वर्णनात हे सगळं लागतंच. शिवाय पुढे इष्टतम मीठ आणि तापमान शोधताना जिवाणू मुळात कुठे राहत होता, हा पहिला आधार असतो.

कागदपत्रांचं कामही इथेच सुरू होतं. जैविक संसाधनांवर त्या त्या देशाचा हक्क मानणारा नागोया करार २०१४ साली अमलात आला. अनेक देशांत नमुना घेण्याआधी किंवा तो परदेशी पाठवण्याआधी परवानगी लागते. शेवटी हा जिवाणू दोन देशांतल्या संग्रहांत जमा करायचा आहे, तेव्हा परवानगीचा अर्ज आधीच करा. संग्रहाकडून विचारणा आल्यावर धावाधाव नको.

माध्यम: निम्मी निवड इथेच होते

सर्वांत रूढ माध्यम म्हणजे मरीन अगर २२१६. क्लॉड झोबेल यांच्या १९४० च्या दशकातल्या कामातून ते आलं. त्यात लिटरमागे ५ ग्रॅम पेप्टोन, १ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, १९.४५ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि समुद्रातले बाकीचे क्षार असतात, पीएच ७.६ च्या आसपास. तुलनेसाठी ते उत्तम आहे, कारण जगभरच्या समुद्री टाइप स्ट्रेनची (प्रजातीचं नाव ज्या एका शुद्ध वाणाला बांधलेलं असतं, त्याची) वर्णनं बहुतांशी त्यावरच झाली आहेत.

नवं काही हवं असेल, तर मात्र ते एकट्यानं पुरत नाही. मोकळ्या समुद्रात अन्न अत्यंत विरळ असतं आणि लिटरमागे ५ ग्रॅम पेप्टोन म्हणजे तिथल्या रहिवाशांसाठी अतिरेक. अशा प्लेटवर व्हिब्रिओ, स्यूडोअल्टेरोमोनास, अल्टेरोमोनास असे झपाट्यानं वाढणारेच दिसतात, आणि त्यांतले बहुतेक आधीच नाव मिळालेले. म्हणून त्याच्या जोडीला एक दशांश ताकदीचं मरीन अगर, आणि समुद्राच्या पाण्यात बनवलेलं आर-टू-ए (कमी अन्नाचं माध्यम) ठेवा. अगरसुद्धा नको असेल, तर पाणी इतकं पातळ करा की प्रत्येक नळीत सरासरी एखादीच पेशी जाईल, आणि नळ्या निर्जंतुक केलेल्या समुद्राच्याच पाण्याच्या ठेवा. समुद्रातल्या सर्वांत विपुल जिवाणूंपैकी असलेला सार-११ गट १९९० पासून नुसत्या जनुकीय खुणेनं माहीत होता. त्याचा पेलाजिबॅक्टर युबिक २००२ साली याच पद्धतीनं वाढवता आला.

माध्यम बनवताना फॉस्फेट आणि अगर एकत्र ऑटोक्लेव्ह करू नका. एकत्र तापले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जिवाणू उगवत नाहीत. दोन्ही वेगवेगळं निर्जंतुक करून कोमट असताना मिसळा. एवढ्याशा बदलानं प्लेटवरच्या वसाहतींची संख्या वाढते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षारही वेगळे तापवा, नाहीतर ते कार्बोनेट आणि फॉस्फेटबरोबर साका होऊन तळाशी बसतात आणि माध्यमात नावापुरते उरतात.

डायल्युशन नेहमी निर्जंतुक समुद्री पाण्यात किंवा कृत्रिम समुद्री पाण्यात करा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये पहिलं डायल्युशन केलं, की सर्वांत अस्सल लवणप्रेमी त्या नळीतच संपतात. प्लेटवर मग सहिष्णू मंडळींचीच गर्दी दिसते आणि नमुनाच गरीब होता असा गैरसमज होतो.

वाट पाहणं, वेचणं, शुद्ध करणं

प्लेटा २० ते २५ अंशांवर ठेवा, थंड पाण्यातला नमुना असेल तर त्याहून कमी. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणाऱ्या मोठ्या, ओलसर वसाहतींवर खुणा करून ठेवा, पण त्यांच्यावर भुलू नका. चार-सहा आठवडे थांबा. टाचणीच्या टोकाएवढ्या, उशिरा उगवणाऱ्या, फिकट वसाहतींत नवं काही असण्याची शक्यता जास्त. इतके दिवस ठेवायचं तर प्लेटा पिशवीत बंद करा. प्लेट सुकली की अगरमधलं पाणी जातं आणि मीठ तेवढंच राहतं, म्हणजे साडेतीन टक्क्यांची प्लेट नकळत पाच-सहा टक्क्यांची होते. अगरच्या पृष्ठभागावर सुयांसारखे स्फटिक दिसू लागले, तर ती प्लेट टाकून द्या.

निवडलेली वसाहत किमान तीनदा स्ट्रीक करून (तारेच्या लूपनं ताज्या प्लेटवर रेघोट्या ओढून) शुद्ध करा, आणि प्रत्येक वेळी सुटी वसाहतच उचला. समुद्री जिवाणू चिकट शर्करेच्या थरात एकमेकांना धरून राहतात, दोन प्रकार एकाच वसाहतीत सहज लपतात. शुद्ध झाल्याची खात्री वेगळ्या माध्यमावरही करून घ्या, कारण लपलेला सोबती तिथे डोकं वर काढतो.

शुद्ध झाल्याबरोबर साठवण. समुद्री ब्रॉथमध्ये १५ ते २० टक्के ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर, दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये. आठवड्याभरानं एक कुपी वितळवून जिवंत आहे ना बघा. हे पाऊल पुढे ढकलू नका.

आयसोलेट (असे वेगळे काढलेले शुद्ध जिवाणू) खूप जमले, तर सगळ्यांचं सिक्वेन्सिंग परवडत नाही. आधी एकसारखे बाजूला काढा. माल्डी-टॉफ हा वस्तुमानमापक यासाठी झटपट आहे. तो मुख्यतः रायबोसोमल प्रथिनांचा ठसा घेतो. त्याच्या ग्रंथालयात रुग्णालयीन जिवाणूंचा भरणा असल्यानं समुद्री आयसोलेटला बऱ्याचदा ‘ओळख पटली नाही’ असं उत्तर मिळतं. ते नवेपणाचा पुरावा म्हणून वापरू नका. आपल्याच आयसोलेटचे ठसे एकमेकांशी ताडून गट पाडायला मात्र ते उत्तम.

एक आग्रहाची गोष्ट. एकाच स्ट्रेनवर प्रजातीचं वर्णन करायची मुभा आहे आणि बहुसंख्य वर्णनं तशीच येतात, पण जमेल तिथे वेगवेगळ्या नमुन्यांतून आलेले त्याच प्रजातीचे आणखी स्ट्रेन मिळवा. एका स्ट्रेनवरून त्या स्ट्रेनचा स्वभाव कळतो. प्रजातीत किती वैविध्य आहे, हे कळायला भावंडं लागतात.

१६ एस: पहिली चाळणी

डीएनए काढण्याआधी पेशी त्यांच्याच क्षारतेच्या स्वच्छ द्रावणात धुवा. मीठ शिल्लक राहिलं तर पीसीआर अडतो, आणि साध्या पाण्यात धुतल्या तर पेशी तिथेच फुटून डीएनए धुवणाबरोबर ओतला जातो. मग १६ एस आरआरएनए जनुक (सगळ्या जिवाणूंत असणारं, ओळखीसाठी वापरलं जाणारं रायबोसोमचं जनुक) २७ एफ आणि १४९२ आर या प्रायमरनी (डीएनएच्या आखूड तुकड्यांनी) वाढवा. उत्पादन साधारण दीड हजार बेसचं येतं. सँगर पद्धतीची एक वाचणी सातशे-नऊशे बेसपर्यंतच भरवशाची, म्हणून दोन्ही टोकांनी वाचून मध्ये जोड द्या. हे प्रायमर जवळपास कोणताही जिवाणू पकडतात, अगदी रसायनांतून आलेलासुद्धा. त्यामुळे डीएनए न घातलेली नळी प्रत्येक वेळी सोबत चालवा.

मिळालेला अनुक्रम ईझेडबायोक्लाउड या ऑनलाइन संग्रहात तपासा. एनसीबीआयच्या ब्लास्ट या शोधसाधनावर तपासत असाल, तर शोध टाइप स्ट्रेनपुरता मर्यादित ठेवा. ‘अनकल्चर्ड बॅक्टेरियम’शी ९९.८ टक्के साम्य या उत्तराचा वर्गीकरणात काहीच उपयोग नसतो. तुलना नाव मिळालेल्या प्रजातींच्या टाइप स्ट्रेनशीच व्हायला हवी.

साम्य ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नवी प्रजाती असण्याची दाट शक्यता. जुन्या लेखांत ९७ टक्क्यांची रेषा दिसते, ती १९९४ मधली. २००६ मध्ये स्टॅकेब्रँट आणि एबर्स यांनी ती वर सरकवली. पण ९८.७ ओलांडलं म्हणून आयसोलेट टाकूनही देऊ नका. व्हिब्रिओ आणि स्यूडोअल्टेरोमोनासमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त साम्य असलेल्या, तरीही स्पष्टपणे वेगळ्या प्रजाती आहेत. या गटांत १६ एस हातपाय गाळतो. तिथे जायर-बी, रेक-ए, आरपीओ-ए, पायर-एच अशी प्रथिनं बनवणारी जनुकं एकत्र घेऊन वंशवृक्ष काढतात, किंवा सरळ जीनोमकडे वळतात.

वृक्ष काढताना जवळच्या सगळ्या टाइप स्ट्रेनबरोबर त्या जीनसची (जवळच्या प्रजातींच्या गटाची) टाइप प्रजाती आणि शेजारच्या जीनसचे प्रतिनिधी घ्या. मेगासारख्या प्रणालीत नेबर-जॉइनिंग आणि मॅक्झिमम लाइकलिहुड अशा दोन पद्धतींनी, हजार बूटस्ट्रॅप (फांद्या किती पक्क्या आहेत हे तपासणाऱ्या फेऱ्या) देऊन पाहा. फांदीचा आधार ७० टक्क्यांच्या खाली असेल, तर तिच्यावर निष्कर्ष टांगू नका.

जीनोम: निकाल इथे लागतो

१९८७ पासून प्रजातीची व्याख्या डीएनए-डीएनए संकरणाच्या (दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांशी किती जोडले जातात, त्याच्या) ७० टक्क्यांवर उभी होती. ते प्रयोग किचकट, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळतील याची खात्री नसे. आता तेच संगणकावर होतं. टाइप स्ट्रेनच्या जीनोमशी सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, म्हणजे एएनआय, ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली असेल आणि डिजिटल संकरण ७० टक्क्यांच्या खाली असेल, तर प्रजाती वेगळी. डिजिटल संकरणासाठी टीवायजीएस हा मोफत सर्व्हर आहे. तो तीन सूत्रांचे आकडे देतो. जीनोम तुकड्यांत असेल तर दुसऱ्या सूत्राचा आकडा धरा, तो जीनोमच्या अपुरेपणानं फारसा हलत नाही.

हे आकडे जीनोम स्वच्छ असेल तरच खरे. २०१८ मध्ये ठरलेल्या किमान निकषांनुसार वाचणीची खोली किमान ५० पट हवी. चेकएम ही संगणक प्रणाली चालवून संपूर्णता आणि भेसळ पाहा. शिवाय जीनोममधून १६ एस काढून आधीच्या सँगर अनुक्रमाशी ताडा. दोन्ही जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे किंवा कल्चर शुद्ध नाही, आणि दोन्ही बाबतींत मागे फिरून ग्लिसरॉलच्या कुपीपासून सुरुवात करावी लागते.

नवा जीनस म्हणायचं असेल, तर गोष्ट निसरडी होते. अमिनो आम्लांचं सरासरी साम्य, दोन जीनोममधल्या सामायिक प्रथिनांचं प्रमाण (५० टक्क्यांची रेषा) असे निर्देशांक आहेत, पण प्रत्येक कुळात ते सारखे लागू पडत नाहीत. तिथे शंभराहून जास्त सामायिक जनुकांचा वृक्ष पाहून शेजारचे जीनस किती अंतरावर वेगळे धरले आहेत, त्याच मापानं निर्णय घ्यावा. हॅलोमोनासचंच पाहा: १९८० साली बोनेर बेटावरच्या मिठागरातल्या हॅलोमोनास इलोंगाटापासून हा जीनस सुरू झाला आणि फुगत गेला. जीनोमच्या आधारे २०२३ मध्ये त्यातून व्रीलँडेलासारखे जीनस वेगळे काढले गेले. टायटॅनिक जहाजाच्या गंजातून मिळालेला आणि २०१० मध्ये वर्णन झालेला हॅलोमोनास टिटॅनिसी आता व्रीलँडेलात आहे. म्हणून तुलनेसाठी नावं घेताना एलपीएसएन या नामसूचीत आजचं मान्य नाव तपासा.

प्रत्यक्ष स्वभाव: टाइप स्ट्रेनला शेजारी बसवा

जीनोम वेगळा निघाला की काहीजण उरलेल्या चाचण्या उरकून टाकतात. मला हे पटत नाही. जिवाणू काय खातो, किती मिठात जगतो, कसा दिसतो हे कळल्याशिवाय नाव म्हणजे नुसता अनुक्रमांक. रीटा कॉलवेल यांनी १९७० मध्ये ‘पॉलिफेझिक’ वर्गीकरणाची कल्पना मांडली, ती याच आग्रहातून: जनुकं, रसायन आणि वर्तन एकत्र पाहायचं.

इथला पहिला नियम हा की जवळचे टाइप स्ट्रेन संग्रहातून मागवून त्याच माध्यमात, त्याच तापमानात, त्याच दिवशी आपल्या स्ट्रेनबरोबर तपासायचे. जुन्या निबंधातला तक्ता उतरवून शेजारी आपला स्तंभ जोडला, तर फरक प्रजातींचा की माध्यमांचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता मिठाची चाचणी, कारण या वर्णनाचा कणा तीच. मरीन ब्रॉथमध्ये आणखी मीठ घालत जाणं ही प्रचलित पण चुकीची रीत. मरीन ब्रॉथमध्ये मुळातच जवळपास दोन टक्के सोडियम क्लोराइड आहे, त्यामुळे ‘शून्य टक्के’ ही नळी शून्याची नसतेच. माध्यम सुटे घटक घेऊन बनवा: पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियमचे क्षार कायम, फक्त सोडियम क्लोराइड ० पासून वाढवत न्या. आधी ०, ०.५, १, २, ३ आणि पुढे १५ टक्क्यांपर्यंत मोठ्या पायऱ्या, मग वाढ जिथे संपते तिथे बारीक. सोडियम सल्फेट आणि सोडियम बायकार्बोनेट यांतूनही सोडियम येतं, त्यांच्या जागी पोटॅशियमचे क्षार घ्या. पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्येही थोडं असतं, म्हणून त्यांचं प्रमाण कमी ठेवा.

शून्याच्या नळीत टाकायची पेशी कुठून आली, हेही बघा. साडेतीन टक्क्यांच्या ब्रॉथचा थेंब टाकला की त्याच्याबरोबर मीठही जातं. पेशी गाळात आणून कमीत कमी मिठाच्या पण न फोडणाऱ्या द्रावणात धुवा, थोड्याच टाका, आणि वाढ आली तर तिथूनच पुन्हा त्याच शून्याच्या ताज्या नळीत न्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही वाढला, तर त्याला सोडियम खरंच लागत नाही. पहिल्याच खेपेत वाढून नंतर थांबला, तर तो बरोबर नेलेल्या शिदोरीवर जगत होता.

याच्या जोडीला एक नळी अशी ठेवा जिच्यात सोडियम क्लोराइडऐवजी तेवढ्याच मोलर प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड आहे. द्रावणाचा दाब तोच, फक्त सोडियम नाही. अस्सल समुद्री जिवाणू इथे वाढत नाही, कारण अन्न आत ओढायला आणि कशाभिका (पोहण्यासाठीचे शेपटीसारखे तंतू) फिरवायला तो सोडियमचा प्रवाह वापरतो. ‘मीठ आवडतं’ आणि ‘सोडियम लागतं’ या दोन गोष्टी या एका नळीनं वेगळ्या होतात.

पीएचची मर्यादा शोधताना बफर वापरा, जसे ५ ते ६ साठी एमईएस, ७ ते ८ साठी हेप्स, त्यावर ट्रिस आणि चेस. ऑटोक्लेव्हनंतर पीएच पुन्हा मोजा, तो हलतो. तापमानासाठी ४ अंशांपासून वाढ थांबेपर्यंत जा, आणि ४ अंशांच्या नळीला आठवडे द्या.

ग्रॅम रंजनात (पेशीभित्तिकेवरून जिवाणूंचे दोन गट पाडणाऱ्या रंगचाचणीत) नेहमीसारखी उष्णतेनं पेशी चिकटवली, तर स्लाइडवर मिठाचे स्फटिक बसतात आणि रंग भलताच दिसतो. १९५५ पासून ज्ञात असलेली ड्यूसॉची रीत वापरा: पुसट थर हवेत वाळवा, मग पाच मिनिटं २ टक्के अ‍ॅसिटिक आम्लात ठेवा. त्यात पेशी पक्कीही होते आणि मीठही निघून जातं. नंतर वाळवून रंजन करा. खात्रीसाठी ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये वसाहत घोळा. लूप उचलल्यावर तार सुटली तर ग्रॅम-निगेटिव्ह. पेशीचा आकार मात्र जिवंत, त्याच क्षारतेच्या थेंबात पाहा. साध्या पाण्यात दंडगोल फुगून गोल दिसतो, आणि वर्णनात ‘कॉकाय’ असं चुकीचं उतरतं. कशाभिकांसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पेशी जोरात ढवळू किंवा सेंट्रिफ्यूज करू नका, कशाभिका तुटून जातात.

एपीआय २० एनई, एपीआय झायम यांसारख्या पट्ट्यांसोबत सांगितलेलं सस्पेन्शनचं पाणी समुद्री जिवाणूला चालत नाही. पेशी त्याच्या क्षारतेच्या समुद्री द्रावणात मिसळा, अन्नवापराच्या भागातलं माध्यमही तसंच खारट करा आणि वाचन नेमून दिलेल्या वेळेपेक्षा उशिरापर्यंत घ्या. हे सगळं निबंधात लिहा. ऑक्सिडेशन-फर्मेंटेशनसाठी लीफसन यांचं १९६३ मधलं समुद्री माध्यम आहे, गोड्या पाण्याचं वापरू नका. स्टार्च, केसीन, जिलेटिन, ट्वीन ८० आणि डीएनए यांच्या विघटनाच्या प्लेटा समुद्री क्षारांतच ओता. प्रतिजैविकांच्या चकत्या वापरताना लक्षात घ्या की मॅग्नेशियम आणि कॅल्शियममुळे टेट्रासायक्लिन आणि अमिनोग्लायकोसाइड गटाचा जोर कमी होतो. वर्तुळ लहान आलं म्हणून त्याला लगेच प्रतिरोधक ठरवू नका.

पिवळ्या-नारिंगी वसाहतींवर २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून पाहा. रंग लालसर किंवा तपकिरी झाला, तर फ्लेक्सिरुबिन प्रकारची रंगद्रव्यं असण्याचा तो इशारा आहे, आणि मग बॅक्टेरॉयडोटा या जिवाणूंच्या मोठ्या गटाकडे नजर वळवा.

पेशीचं रसायन

हे काम बहुधा सुविधा असलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घेतलं जातं. तरी उत्तर काय अपेक्षित आहे हे माहीत असावं. श्वसनातलं क्विनोन (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) कुळाची मोठी खूण देतं: अल्फा गटात (अल्फाप्रोटिओबॅक्टेरियात) क्यू-१०, हॅलोमोनासमध्ये क्यू-९, व्हिब्रिओ आणि स्यूडोअल्टेरोमोनासमध्ये क्यू-८, फ्लॅव्होबॅक्टेरियाच्या कुळात एमके-६, हॅलोबॅसिलसमध्ये एमके-७. वृक्षात अल्फा गटात बसलेल्या स्ट्रेनचं क्विनोन क्यू-८ आलं, तर नळी तपासा.

मेदाम्लांचं प्रोफाइल वाढीच्या अवस्थेनुसार, तापमानानुसार आणि मिठानुसार बदलतं. म्हणून आपला स्ट्रेन आणि टाइप स्ट्रेन एकाच प्रकारच्या प्लेटवर, एकाच वयाचे असताना गोळा करा. ध्रुवीय लिपिडं द्विमितीय टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) पाहतात. ग्रॅम-पॉझिटिव्ह असेल तर पेशीभित्तिकेतलं अमिनो आम्लही लागतं. जीसी प्रमाण (डीएनएतल्या जी आणि सी बेसची टक्केवारी) आता थेट जीनोममधून येतं. एकाच प्रजातीत त्यात एक टक्क्याहून जास्त फरक पडत नाही.

नाव आणि ठेव

जिवाणूंची नावं आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार दिली जातात. १ जानेवारी १९८० ला प्रसिद्ध झालेली मान्य यादी हा तिचा आरंभबिंदू. नाव लॅटिन वळणाचं, आणि विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाला धरून: सॅलिनस, सॅलिना, सॅलिनम. स्पोरोसार्सिना हॅलोफिला हा जिवाणू १९९६ मध्ये हॅलोबॅसिलसमध्ये गेला, तेव्हा जीनस पुल्लिंगी झाल्यानं तो हॅलोबॅसिलस हॅलोफिलस झाला. ठिकाणावरून नाव द्यायचं तर शेवटी ‘एन्सिस’, नपुंसकलिंगी असेल तर ‘एन्से’. स्वतःचं नाव देणं अशिष्ट मानतात. मला व्यक्तिशः अशी नावं आवडतात ज्यातून जिवाणूचा एखादा खरा गुण कळतो. ‘मरिना’ आणि ‘मारिस’ पुरेशी झाली आहेत.

निबंधाच्या शेवटी औपचारिक वर्णन हवं: नावाची फोड, पेशी आणि वसाहतीचं रूप, वाढीच्या मर्यादा, सकारात्मक-नकारात्मक चाचण्या, रसायन, टाइप स्ट्रेनचा क्रमांक, १६ एस आणि जीनोमचे प्रवेश-क्रमांक. आयजेएसईएम या नियतकालिकात छापलं गेलं, तर नाव तिथेच वैध होतं. इतरत्र छापलं तर निबंधाची प्रत आणि ठेवीचे दाखले त्याच नियतकालिकाच्या वैधता यादीसाठी पाठवावे लागतात. तोवर नाव अवतरणचिन्हांत राहतं. वाढवताच न येणाऱ्या जिवाणूंसाठी २०२२ पासून सेक्‌कोड ही वेगळी संहिता आहे, तीत जीनोम हाच टाइप मानतात. तुमच्या हाती जिवंत कल्चर असेल, तर जुनीच वाट धरा.

२००१ पासूनचा नियम असा की टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या किमान दोन सार्वजनिक संग्रहांत असायलाच हवा, आणि तो कुणालाही निर्बंधाविना मिळायला हवा. जर्मनीतला डीएसएमझेड, जपानमधला जेसीएम, कोरियातला केसीटीसी, अमेरिकेतला एटीसीसी हे त्यांतले मोठे संग्रह. ठेवीला महिने लागतात, म्हणून जीनोमचा निकाल लागताच अर्ज करा. अर्जात माध्यम आणि मीठ नेमकं लिहा. नुसतं ‘मरीन अगर’ न लिहिता टक्केवारी, तापमान आणि वाढीला लागणारे दिवसही द्या, म्हणजे तिकडे पहिल्याच प्रयत्नात तो उगवेल. गोठवून सुकवलेला नमुना संग्रह ठेवीदाराकडे पडताळणीसाठी परत पाठवतो, तेव्हा कुपी उघडा, समुद्री ब्रॉथमध्ये जागवा, १६ एस पुन्हा वाचा आणि मूळ अनुक्रमाशी अक्षरशः जुळला की मगच पडताळणीच्या कागदावर सही करा.